उतरायची जागा

दिल्लीत मंडी हाउसच्या चौकातून इंडिया गेटकडे जाणारा कोपर्निकस मार्ग फार लांब नाही. सावकाश चाललं तरी पंधरा-वीस मिनिटांत संपतो. दिल्लीत येणाऱ्या मराठी माणसाला तो बहुधा ठाऊक असतो, कारण जुनं महाराष्ट्र सदन याच रस्त्यावर आहे. नाटकवाल्यांना तो कमानी सभागृहामुळे माहीत असतो आणि पर्यावरणाचे खटले लढवणाऱ्यांना फरीदकोट हाउसमुळे, कारण राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण तिथे बसतं. दूरदर्शन भवनही इथलंच. माझं इथलं येणं-जाणं चौकातल्या रवींद्र भवनामुळे. साहित्य अकादमीच्या ग्रंथालयात बसून अनुवाद करणं हा माझा बरीच वर्षं चाललेला दिनक्रम आहे.

तीन वर्षांपूर्वी मी याच भागात एका खोलीचं घर भाड्याने शोधत होते. त्या शोधात मला एक प्रश्न विचारला गेला आणि मी त्याचं उत्तर दिलं. हा लेख त्या प्रश्नाविषयी आहे. पण प्रश्न जुना आहे, म्हणून सुरुवात या रस्त्याच्या टोकाशी असलेल्या मोठ्या घरांपासून करते.

1911 च्या दरबारात राजधानी कलकत्त्याहून दिल्लीला आणण्याची घोषणा झाली. पुढे 1921 मध्ये नरेंद्र मंडळ स्थापन झालं आणि देशभरच्या संस्थानिकांना बैठकींसाठी दिल्लीला येणं भाग पडू लागलं. यायचं तर उतरायचं कुठे? आज जिथे इंडिया गेट आहे त्या षट्कोनी चौकाभोवती संस्थानिकांना जमिनी मिळाल्या आणि एकेक घर उभं राहिलं. हैदराबाद हाउस, बडोदा हाउस, पतियाळा हाउस, जयपूर हाउस, बिकानेर हाउस. हैदराबाद आणि बडोदा या दोन्ही घरांचे आराखडे लुट्यन्सचे.

मराठीत आपण 'राहणं' आणि 'उतरणं' यांत फरक करतो. घरात राहतो, पाहुणा म्हणून किंवा कामासाठी गेलो की उतरतो. महाराष्ट्र सदनात माणूस उतरतो. बिऱ्हाड करायचं असेल तर दुसरी जागा बघावी लागते. संस्थानिकांची ही घरं कितीही मोठी असली तरी ती उतरायची घरं होती. मालक वर्षातले काही दिवस यायचा, उरलेले महिने नोकरचाकर आणि माळी. एवढ्या खोल्या असलेली घरं बहुतेक काळ रिकामी असायची.

संस्थानं गेली आणि घरांचं काय करायचं हा प्रश्न सरकारने आपल्या परीने सोडवला. जयपूर हाउसमध्ये 1954 साली राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय आलं. पतियाळा हाउसमध्ये न्यायालय भरतं. हैदराबाद हाउसमध्ये परदेशी पाहुण्यांच्या भेटी होतात. बडोदा हाउस हे उत्तर रेल्वेचं मुख्यालय आहे. मंडीच्या राजाचं घर तर राहिलंच नाही, चौकाला आणि मेट्रो स्टेशनला नाव तेवढं उरलं.

बडोदा हाउससमोरून जाताना मराठी माणूस अंमळ थांबतो. गायकवाडांचं घर म्हणजे आपल्यातल्याच कुणाचं तरी घर, असं उगाच वाटतं. हे घर ज्यांच्यासाठी बांधलं त्या सयाजीराव महाराजांविषयी आदर वाटावा अशी कारणंही पुष्कळ आहेत. 1906 मध्ये त्यांनी संपूर्ण संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. अस्पृश्यांच्या मुलांसाठी शाळा काढल्या. 1913 मध्ये भीमराव आंबेडकर न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात गेले ते याच महाराजांच्या शिष्यवृत्तीवर. ही गोष्ट आपल्याकडे शाळेतल्या मुलांनाही माहीत असते. पुढची गोष्ट तितकी सांगितली जात नाही. तिच्याकडे येते, पण आधी माझं घर.

दिल्लीत एका खोलीच्या घराला 'वन रूम सेट' म्हणतात. तोच गच्चीवर असला तर बरसाती. मूळ कल्पना अशी की उन्हाळ्यात गच्चीवर झोपावं आणि पाऊस आला की पळत आत जावं, त्यासाठी बांधलेली खोली. पुढे त्या खोलीला मोरी आणि ओटा जोडून ती भाड्याने देऊ लागले. प्रॉपर्टी डीलरने मला बंगाली मार्केटच्या बाजूला असंच एक घर दाखवलं. फाळणीच्या आधी बांधलेलं, दोन मजली, भिंती हातभर जाड, छत उंच, जिन्याचे कठडे ओतीव लोखंडाचे. खाली मालकीणबाई एकट्या राहायच्या. वर गच्चीला लागून एक खोली, स्वयंपाकाची चिंचोळी जागा, न्हाणीघर आणि समोर कडुनिंबाचा शेंडा. भाडं माझ्या महिन्याच्या कमाईच्या तीस टक्क्यांच्या आसपास जात होतं. ग्रंथालय चालत जाण्याच्या अंतरावर. मला ते घर फार आवडलं.

खाली चहा झाला. काय करता, एकट्या का राहता, रात्री किती वाजता येता, हे सगळं विचारून झालं. मग बाई म्हणाल्या, "बेटा, आप लोग क्या होते हो?"

"मराठी," मी म्हटलं.

"वो तो समझ गई. मराठी में क्या?"

महाराष्ट्रात मला हा प्रश्न सरळ कुणी विचारला नव्हता. आडनावातून तो परस्पर सुटतो. दिल्लीवाल्यांना आपली आडनावं वाचता येत नाहीत, म्हणून ते विचारतात. मी क्षणभर थांबले आणि "ब्राह्मण" म्हणून सांगितलं. खरं तेच सांगितलं. बाईंचा चेहरा सैल झाला. दोन महिन्यांचं डिपॉझिट एका महिन्यावर आलं. त्याच आठवड्यात अकरा महिन्यांचा करार झाला, पोलीस व्हेरिफिकेशनचा फॉर्म भरून झाला आणि मी सामान हलवलं.

सहा महिन्यांनी माझी एक मैत्रीण दिल्लीत बदलून आली. नागपूरची. आम्ही एम.ए. बरोबर केलं. सरकारी कार्यालयात अनुवादक आहे, पगार माझ्या मिळकतीपेक्षा चांगला आणि महिन्याच्या महिन्याला येणारा. मालकांना आवडावी अशी भाडेकरू. तिला याच भागात जागा हवी होती. पाच घरं पाहिली. पाचही ठिकाणी बोलणं छान झालं आणि पाचही ठिकाणी दुसऱ्या दिवशी घर 'उठलेलं' होतं. एका घरी मालकांचा मुलगा येणार होता, एका घरी रंगकाम निघालं होतं. ती हे हसत सांगत होती. "आडनाव त्यांना कळत नाही गं. मग गाव विचारतात, मग वडील काय करायचे ते, मग घरात देव कुठला. देव्हारा नाही म्हटलं की त्यांना पुरतं."

मग तिने विचारलं, "तुला नव्हतं विचारलं?"

मी सांगितलं.

"आणि तू सांगितलंस," ती म्हणाली. तेवढंच. पुढे विषय बदलला. शेवटी तिने मेट्रोच्या दुसऱ्या टोकाला, नोएडात घर घेतलं. रोज जाऊन-येऊन तीन तास.

योगायोग असा की त्याच दिवसांत मी एका संकलनासाठी डॉ. आंबेडकरांच्या 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या इंग्रजी आठवणींतलं बडोद्याचं प्रकरण मराठीत आणत होते. हे लेखन त्यांच्या हयातीत पुस्तकरूपाने आलं नाही. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने 1990 मध्ये ते पुस्तिका म्हणून छापलं. काम करताना पहिलीच अडचण 'इन' या शब्दाची होती. धर्मशाळा म्हणावं तर तिथे पैसे पडत नाहीत, लॉज म्हणावं तर तो काळ जातो, सराई म्हणावं तर वेगळंच चित्र उभं राहतं. शेवटी मी 'उतरायची जागा' लिहिलं. आंबेडकरांना बडोद्यात पहिल्या दिवशी हवी होती ती तेवढीच, उतरायची जागा.

ते 1917 साली परतले. शिष्यवृत्तीची मुदत संपलेली, लंडनचा अभ्यास अर्धा राहिलेला. करारानुसार बडोदा संस्थानात नोकरी करायची होती. आंबेडकर लिहितात त्याचा आशय असा की युरोप-अमेरिकेतल्या पाच वर्षांत आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच पुसली गेली होती. बडोद्याच्या स्टेशनात गाडीतून उतरताना ती परत आली. हिंदूंच्या वीशींमध्ये खरी ओळख सांगून प्रवेश मिळणार नव्हता. पारशांच्या धर्मात अस्पृश्यता नाही, म्हणून ते एका पारशी उतारगृहात गेले. तिथल्या माणसाने नोंदवहीत पारशी नाव लिहावं लागेल असं सांगितलं. दुसरा इलाज नव्हता. रोज दीड रुपयात राहणं आणि जेवण ठरलं.

जागा कशी होती, तेही त्यांनी बारकाईने सांगितलं आहे. वरच्या मजल्यावर एक लहान खोली, तिला लागून नळाची छोटी न्हाणी. बाकीचा मोठा दिवाणखाना फळ्या, बाकं, मोडक्या खुर्च्या अशा अडगळीने भरलेला. विजेचे दिवे नाहीत, रात्री एक कंदील, वर वटवाघळं. मुक्कामाला दुसरं कुणी नाही. महालेखापालांच्या कचेरीत उमेदवार म्हणून त्यांना दीडशे रुपये पगार होता. सकाळी दहाच्या सुमारास ते निघत आणि रात्री आठपर्यंत मुद्दाम बाहेर राहत. दिवाणांकडे सरकारी बंगल्यासाठी अर्ज केला होता, तो एका अधिकाऱ्याकडून दुसऱ्याकडे फिरत होता. दिवसाला दीड रुपया म्हणजे महिन्याला पंचेचाळीस, पगाराचे तीस टक्के. हा हिशेब करताना मी थांबले. तेवढाच हिस्सा मीही माझ्या वरच्या मजल्यावरच्या खोलीसाठी देत होते.

अकराव्या दिवशी सकाळी बाहेर पडायच्या वेळी जिन्यावर पावलं वाजली. काठ्या घेतलेले दहा-बारा पारशी खोलीसमोर येऊन उभे राहिले. तू कोण, इथे कसा आलास, आमची जागा बाटवलीस, असा भडिमार झाला. संध्याकाळपर्यंत जागा सोडण्याची ताकीद देऊन ते गेले.

त्या दिवसात आंबेडकरांनी आणखी दोन दारं ठोठावली. पहिला मित्र हिंदू. त्याने वाईट वाटल्याचं सांगितलं, पण तुम्ही माझ्याकडे आलात तर माझे नोकर निघून जातील, म्हणाला. दुसरा मित्र हिंदी ख्रिस्ती. तो म्हणाला, बायको उद्या येते आहे, तिला विचारावं लागेल. नकार काय आहे हे आंबेडकरांना कळलं. मुंबईची गाडी रात्री नऊची होती. चारच्या सुमारास ते त्या मित्राच्या घरून निघाले आणि मधला वेळ त्यांनी कामाठी बागेत काढला. ही बागही सयाजीरावांनीच लोकांसाठी उभारलेली. सार्वजनिक बागेत बसायला कुणाची परवानगी लागत नव्हती.

एका दिवसात तीन नकार. पहिल्यात काठ्या होत्या. दुसऱ्यात नोकरांचं नाव पुढे केलेलं होतं. तिसऱ्यात तर नकारच नव्हता, 'विचारून सांगतो' होतं. आपण हा प्रसंग सांगतो तेव्हा काठ्या सांगतो, कारण त्या डोळ्यांना दिसतात आणि त्या धरणारे हात आपले नसतात. बाकीचे दोघे मात्र मित्र होते, शिकलेले होते, चांगले होते. अनुवाद करताना मला काठ्यांचा परिच्छेद सोपा गेला. मित्रांच्या दोन वाक्यांवर दोन दिवस गेले. मूळ इंग्रजीत ती वाक्यं अतिशय सभ्य आहेत, आणि मराठीत मी ती जरा कडवट करत होते. कडवट केली की ती दुसऱ्याची होतात. मी ती परत सभ्य केली.

आता दिल्लीकडे. पंचवीस वर्षांनी, 1942 मध्ये आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले आणि 22, पृथ्वीराज रोड इथे राहू लागले. स्वातंत्र्यानंतर कायदेमंत्री असताना त्यांचं घर 1, हार्डिंग अ‍ॅव्हेन्यू इथे होतं. हार्डिंग अ‍ॅव्हेन्यू म्हणजे आजचा टिळक मार्ग. तोही कोपर्निकस मार्गासारखाच इंडिया गेटच्या चौकाला येऊन मिळतो. 1951 मध्ये मंत्रिपद सोडलं तेव्हा सरकारी घरही सोडावं लागलं. ते अलीपूर रोडवर 26 क्रमांकाच्या घरात राहायला गेले. ते घर सिरोहीच्या महाराजांचं होतं. शेवटची पाच वर्षं त्यांनी तिथे काढली, 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथाचं काम तिथे केलं, आणि 6 डिसेंबर 1956 रोजी तिथेच त्यांचं निधन झालं. आज त्या जागी घटनेच्या उघड्या पुस्तकाच्या आकाराचं राष्ट्रीय स्मारक आहे.

एका संस्थानिकाच्या राजधानीत ज्यांना अकरा दिवसांपलीकडे खोली मिळाली नाही, ते दुसऱ्या एका संस्थानिकाच्या दिल्लीतल्या घरात पाच वर्षं राहिले. गोष्ट इथे संपवली तर ती गोड होते. पण मधल्या काळात काय काय व्हावं लागलं हे पाहिलं तर गोडी राहत नाही. बॅरिस्टर, मजूरमंत्री, घटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्ष, देशाचे कायदेमंत्री. जागा मिळण्यासाठी माणसाला एवढं व्हावं लागत असेल तर बाकीच्यांनी काय करायचं?

बाकीच्यांसाठी त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कायदा केला. घटनेच्या पंधराव्या कलमात दुकानं, उपाहारगृहं, हॉटेलं अशा ठिकाणी धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यांवरून कुणाला अडवता येणार नाही असं म्हटलं आहे. सतराव्या कलमाने अस्पृश्यता रद्द केली. 1955 च्या कायद्याने त्यापुढे जाऊन, अस्पृश्यतेच्या कारणावरून कुणालाही कुठल्याही वस्तीत घर घेण्यापासून किंवा राहण्यापासून अडवणं हा गुन्हा ठरवला. बडोद्याचा पहिला नकार, काठ्यांचा, आज सरळ गुन्हा आहे.

दुसऱ्या आणि तिसऱ्या नकाराचं काय? आपलं घर कुणाला द्यायचं हे मालक ठरवतो, आणि न देण्याचं कारण लिहून देत नाही. दिल्लीचा 1958 चा भाडे नियंत्रण कायदा आहे, महाराष्ट्राचा 1999 चा आहे. दोन्ही कायदे आत आलेल्या भाडेकरूची काळजी करतात. दारात उभा असलेला माणूस त्यांना दिसत नाही, कारण तो अजून भाडेकरू झालेलाच नाही. 2005 मध्ये अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने असा निकाल दिला की सहकारी संस्थेला आपलं सभासदत्व एका समाजापुरतं ठेवता येतं आणि तसा पोटनियम वैध आहे. म्हणजे एकत्र येऊन दार लावून घेण्यालाही वाट आहे. अशी दारं सगळ्याच समाजांनी लावलेली आहेत. पुण्या-मुंबईत वाढलेल्या कुणालाही आपापल्या भागातल्या अशा दोन-चार सोसायट्या सांगता येतील.

2015 मध्ये सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक अभ्यास 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त आला. दिल्ली आणि आसपासच्या शहरांत भाड्याची घरं शोधण्यासाठी सवर्ण हिंदू, दलित आणि मुस्लिम अशी ओळख असलेले लोक फोनवरून आणि समक्ष पाठवून त्यांनी मालकांची उत्तरं नोंदवली होती. दलित आणि विशेषतः मुस्लिम घरशोधकांना नकार जास्त मिळाले. जिथे होकार आला तिथेही बरेचदा भाडं वाढलेलं किंवा अटी जोडलेल्या होत्या. माझ्या मैत्रिणीला मी हा लेख पाठवला, तेव्हा तिचं उत्तर आलं : "हे शोधायला पैसे मिळतात?"

माझं उत्तर खरं होतं, खोटं बोलून मी जागा मिळवली नव्हती, असं मी स्वतःला बरेच दिवस सांगत राहिले. बडोद्यात खोटं नाव लिहून खोली मिळाली होती. मला खरं सांगून मिळाली. पण दोन्हीकडे नोंदवही तीच आहे, आणि नाव लिहून मी ती मान्य केली. 'हे का विचारता?' एवढं तरी मी म्हणू शकले असते. कडुनिंब डोळ्यांसमोर होता, म्हणून म्हटलं नाही. नकार देणाऱ्यांनाच काय ते ठरवता येतं असं नाही. होकार घेणाराही त्यात असतो.

बाई माझ्याशी चांगल्या वागल्या, हेही सांगितलं पाहिजे. ताप आला तेव्हा खिचडी वर पाठवली. तीन वर्षांत एकदाच भाडं वाढवलं, तेही विचारून. त्यांना वाईट म्हणून हा लेख संपवता आला असता तर माझं काम सोपं झालं असतं.

या महिन्याअखेर मी ती जागा सोडते आहे. आईजवळ राहायला पुण्याला जायचं आहे. बाई म्हणाल्या, डीलरला कशाला पैसे द्यायचे, तुझ्या ओळखीचं कुणी असेल तर सांग, "अपने जैसा कोई." मी नोएडाला फोन करून मैत्रिणीला विचारलं. ती बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, "विचार. पण माझं पूर्ण नाव सांग. आणि देव्हारा नाही हेही."

मी बाईंना सगळं सांगितलं. नोकरी, पगार, पूर्ण नाव, बौद्ध आहे हे, आणि मी तिला वीस वर्षं ओळखते हे. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. चहा ओतला. म्हणाल्या, मुलाशी बोलते, तो रविवारी येतो आहे.

रविवार होऊन चार दिवस झाले. सामान बांधून मी वाट पाहते आहे.